वरंगळची देवळं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

वरंगळला जाणारे बरेच मराठी पर्यटक हैदराबादहून सकाळी निघतात, हजार खांबांचं देऊळ बघतात, किल्ल्यातल्या तोरणापुढे फोटो काढतात, जमलंच तर रामप्पाच्या देवळाला धावती भेट देतात आणि रात्री बिर्याणीला हैदराबादेत परत. कृपा करून असं करू नका. निदान तीन रात्री काढा. कारण इथल्या प्रत्येक देवळाच्या दोन गोष्टी असतात, एक शिलालेखात कोरलेली आणि दुसरी गावकऱ्यांच्या तोंडी. पहिली पाटीवर वाचता येते. दुसरी मिळवायला बसावं लागतं, चहा प्यावा लागतो, म्हाताऱ्या माणसाला त्याच्या वेगाने बोलू द्यावं लागतं. हा लेख दोन्ही कशा मिळवायच्या याबद्दल आहे.

१. मुक्काम हनमकोंड्याला

वरंगळ, हनमकोंडा आणि काझीपेट ही तिन्ही गावं आता एकमेकांत मिसळली आहेत. मुक्काम हनमकोंड्यात करा. हजार खांबांचं देऊळ तिथेच आहे आणि मुलुगु, भूपालपल्लीकडच्या बसही तिथूनच मिळतात.

विदर्भातल्यांना हा प्रवास सगळ्यात सोपा, नागपूर–बल्लारशा–काझीपेट अशी सरळ रेल्वे आहे. मुंबई-पुण्याकडून सिकंदराबादला उतरून पुढची गाडी धरा. मराठवाड्यातले लोक मनमाड–सिकंदराबाद मार्गाने येतात. त्यांच्यासोबत शाळेत घालायच्या वयाचं मूल असेल तर वाटेत बासरला उतरावं. धर्माबाद ओलांडलं की लगेच बासर, गोदावरीच्या काठावर. तिथल्या सरस्वतीपुढे मुलाच्या हातून पहिलं अक्षर गिरवून घेतात, त्याला अक्षराभ्यासम म्हणतात. व्यासांनी रोज स्नान करून येताना गोदावरीची मूठ-मूठ वाळू आणली आणि त्यातून या देवीची मूर्ती केली, अशी कथा. देवीला हळदीचा लेप असतो आणि त्यातली चिमूटभर प्रसाद म्हणून देतात.

हंगाम कार्तिक ते माघ. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि देवळाच्या जोत्यावर अनवाणीच चालायचं असतं, म्हणून जाड मोजे पिशवीत ठेवाच. ही लेखातली सगळ्यात किरकोळ सूचना आहे आणि दुपारी बारा वाजता सगळ्यात जास्त आठवेल.

एसटीबद्दल एक गोष्ट. तेलंगणात राज्यातल्या महिलांना साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे, तोही तिथलं ओळखपत्र दाखवून. आपल्या बायकांना तिकीट काढावं लागतं. कंडक्टर शून्य रकमेचं तिकीट फाडायला लागला तर आधीच सांगा. बस भरभरून जातात, तेव्हा चौघं-पाच जण असाल तर एका दिवसासाठी गाडी ठरवणं बरं.

२. निघण्याआधी तासभर इतिहास

जास्त नको, पण काकतीय कोण एवढं तरी माहीत हवं. कल्याणीच्या चालुक्यांचे हे मांडलिक, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र झाले. रुद्रदेव, मग थोडा काळ त्याचा भाऊ महादेव, मग गणपतिदेव, मग त्याची मुलगी रुद्रमादेवी, शेवटी तिचा नातू प्रतापरुद्र. १३२३ मध्ये दिल्लीच्या फौजेने वरंगळ घेतलं आणि खेळ संपला.

आपल्याला यात रस वाटावा असा एक धागा आहे. देवगिरीचे यादव आणि काकतीय हे शेजारी आणि वैरी. यादव जैतुगीने तेलंगणच्या रुद्राला युद्धात मारलं आणि गणपतीला कैदेतून सोडलं, असं ज्याच्या नावाने आपण हेमाडपंती देवळं ओळखतो त्या हेमाद्रीनेच आपल्या व्रतखंड या ग्रंथात नोंदवून ठेवलं आहे. तो सुटलेला गणपती म्हणजेच गणपतिदेव. पुढे साठेक वर्षं त्याने राज्य केलं आणि आज तुम्ही बघाल त्यातली बरीच देवळं त्याच्या काळातली आहेत. म्हणजे देवगिरीची बेडी निघाली नसती तर रामप्पा झालं असतं का, हा प्रश्न बसमध्ये चघळायला चांगला.

३. हजार खांब मोजू नका

तेलुगूत याला वेयि स्तंभाल गुडी म्हणतात. रुद्रदेवाचा ११६३ चा शिलालेख इथे आहे. खांब मोजण्याची सगळ्यांना हौस असते. ती सोडा, जोत्यापासून सुरुवात करा.

आधी देवळाबाहेरून पूर्ण एक फेरी मारा. जोतं चांदणीसारखं कोनाकोनांनी पुढे-मागे होतं, त्यामुळे एकाच भिंतीवर एका वेळी तीन छटांचा उजेड असतो. मग आत या. तीन दिशांना तीन गाभारे आणि मधे एकच रंगमंडप, अशा रचनेला त्रिकूट म्हणतात. इथले तीन देव शिव, विष्णू आणि सूर्य. पूजा आज मुख्यतः रुद्रेश्वराची चालते. मंडपातल्या खांबांवर हात ठेवा, गोल कडा इतक्या नेमक्या की सुतारकाम वाटावं. बाहेर काळ्या दगडाचा नंदी आहे, त्याच्या गळ्यातल्या माळांचा मणी न् मणी सुटा दिसतो. नंदीच्या पलीकडचा कल्याणमंडप २००६ मध्ये दुरुस्तीसाठी दगड-दगड उतरवला होता, तो २०२४ मध्ये पुन्हा उभा राहिला. नवे आणि जुने दगड रंगावरून ओळखता येतात. बघा जमतंय का.

इथली लोकप्रिय दंतकथा भुयाराची. देवळातून थेट किल्ल्यापर्यंत भुयार होतं आणि राजा त्यातून दर्शनाला यायचा. आपल्याकडे असं भुयार नसलेलं देऊळ दाखवा! तरी ऐकून घ्या, कारण सांगणारा बहुधा नंदीजवळ उभा राहून नेमकी दिशा दाखवतो आणि मग त्याच्या आजोबांची एखादी गोष्ट निघते.

भाद्रपदाच्या अमावास्येपासून अष्टमीपर्यंत आलात तर बतुकम्मा बघायला मिळेल. ताटात रानफुलांचा मनोरा रचायचा, तो मधे ठेवायचा आणि बायकांनी टाळ्या वाजवत फेर धरून गायचं. भोंडल्यात वाढलेल्या बाईला इथे पाय आवरणं अवघड आहे. हजार खांबांच्या अंगणात आणि पद्माक्षी टेकडीच्या पायथ्याशी मोठी गर्दी जमते. त्या टेकडीवर १११७ चा लेख आहे. पद्माक्षीचं हे ठाणं मुळात जैन बस्ती म्हणजे जैन देऊळ होतं, बेत नावाच्या मंत्र्याची बायको मैलमा हिने बांधलेलं. वर चढलात तर कातळातले तीर्थंकर चुकवू नका.

४. किल्ला आणि परिसाची गोष्ट

किल्ल्यात जाताना देऊळ बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मधोमध स्वयंभू शिवाचं मोठं देऊळ होतं, ते पाडलं गेलं. आता चार दिशांना चार दगडी तोरणं उभी आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेत खांबांचे, छतांचे, कमळांचे तुकडे ओळीने मांडून ठेवले आहेत. तेलंगणाच्या राज्यचिन्हात दिसतं ते हेच तोरण. संध्याकाळी चारनंतर जा, तुकड्यांवरचं कोरीव काम तिरप्या उन्हात उठून दिसतं.

या स्वयंभूची दंतकथा जुन्या तेलुगू चरित्रांत आहे आणि गावातही सांगतात. धान्याने भरलेली एक गाडी इथून जात होती. चाक एका दगडाला घासलं आणि लोखंडाचं सोनं झालं. राजा प्रोल धावत आला. दगड म्हणजे परीस, परीस म्हणजे शिवलिंग. त्याने तिथेच देऊळ बांधलं आणि राजधानी इकडे आणायचं ठरवलं. पुढे त्याला मुलगा झाला, तर ज्योतिषी म्हणाले की हा बापाच्या जिवावर उठेल. बाळाला टाकून दिलं. देवळातल्या लोकांनी त्याला वाढवलं, मोठा झाल्यावर तो देवाचा पहारेकरी झाला. एका रात्री प्रोल एकटाच गाभाऱ्यात शिरला, पहारेकऱ्याला वाटलं चोर, आणि त्याने वार केला. मरता मरता प्रोलाने त्याला ओळखलं आणि गादी दिली. तोच रुद्रदेव.

इतिहासकार सांगतात की प्रोल लढाईत पडला. दोन्ही गोष्टी वहीत लिहा, पण समोरासमोरच्या दोन पानांवर. दंतकथेतून इतिहास गाळून काढायचा खटाटोप नवखे लोक फार करतात आणि त्यात कथेची मजा जाते, इतिहासही हाती लागत नाही. परिसाच्या कथेने एक मात्र कळतं: कोरड्या पठारावर अचानक एवढं वैभव कुठून आलं, हा प्रश्न इथल्या लोकांनाही पडला होता. शिलालेखातलं उत्तर कमी चमकदार आहे. ते आहे तलाव. काकतीयांनी आणि त्यांच्या सरदारांनी तलाव बांधले, तलावाखाली भात पिकलं आणि भातावर देवळं उभी राहिली.

५. विचारायचं कसं

इथे जरा थांबतो, कारण पुढच्या ठिकाणी पाट्या कमी आणि माणसं जास्त आहेत.

हैदराबादी हिंदी बहुतेकांना येते, पण पहिलं वाक्य तेलुगूत बोललात तर चेहरे खुलतात. "गुडी एक्कड अंडी?" म्हणजे देऊळ कुठे आहे हो. "कथा चेप्पंडी" म्हणजे गोष्ट सांगा ना. अंडी लावलं की आदर आला. पुजाऱ्याला पंतुलुगारू किंवा अय्यगारू म्हणा. गुट्ट म्हणजे टेकडी, चेरुवु म्हणजे तलाव, वागु म्हणजे ओढा, मोक्कु म्हणजे नवस. एवढ्यावर चार दिवस निघतात.

पुजाऱ्याला गर्दीच्या वेळी कथा विचारू नका. आधी अर्चना करा. तो पेरु आणि गोत्रम विचारेल, म्हणजे नाव आणि गोत्र. गोत्र ठाऊक नसेल तर कश्यप सांगायची आपल्यासारखीच तिथेही रीत आहे. अर्चना झाली, नारळाची अर्धी वाटी हातात आली, की मग सावकाश विचारा. पुजारी स्थळपुराण सांगेल, म्हणजे ऋषी, शाप, वरदान. तुम्हाला गावची गोष्ट हवी असेल तर देवळाबाहेर फुलं-नारळ विकणारी बाई, मेंढ्या घेऊन आलेला गोल्ला, तलावावरचा मासेवाला यांना विचारा. दोघांच्या गोष्टी जुळत नाहीत. जुळल्या तर समजा की दोघांनी एकाच गाइडचं ऐकलं आहे.

दुपारी बहुतेक देवस्थानांचे दरवाजे बंद असतात. तोच वेळ गप्पांचा.

६. रामप्पा: अर्धा दिवस, कमी नाही

हनमकोंड्याहून सुमारे ७० किलोमीटर. मुलुगुच्या पुढे जंगालपल्ली फाट्यावर उतरून पालमपेटपर्यंत रिक्षा. २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून गर्दी वाढली आहे, विशेषतः रविवारी. सकाळी लवकर पोहोचा.

पहिलं काम, शिलालेख शोधा. आवारातच एका छोट्या मंडपीत तो उभा आहे. त्यात १२१३ साल आहे, गणपतिदेवाचा सेनापती रेचर्ल रुद्र याची स्तुती आहे आणि देवाचं नाव रुद्रेश्वर आहे. रामप्पा हे नाव लोकांचं. रामप्पा नावाच्या शिल्पकाराने आयुष्य इथे घालवलं, म्हणून देवळाला देवाचं किंवा राजाचं नव्हे तर पाथरवटाचं नाव लागलं, असं सगळा मुलूख मानतो. माझं म्हणाल तर ही दंतकथा शिलालेखापेक्षा मला जवळची वाटते. रेचर्ल रुद्राने पैसे दिले, हे खरंच. पण देऊळ बघून कोणाची आठवण ठेवावीशी वाटते हे लोकांनी आठशे वर्षांत ठरवून टाकलं.

दुसरं काम, मदनिका. मंडपाच्या बाहेरच्या खांबांपासून छपराच्या कडेपर्यंत तिरप्या टेकलेल्या काळ्या दगडाच्या या स्त्रिया, जवळजवळ माणसाच्या उंचीच्या. खाली उभं राहून मान वर करा आणि एकाच मूर्तीपाशी पाच मिनिटं थांबा. एकीच्या पायात काटा रुतलाय आणि कुणीतरी तो काढतंय. एकीच्या अंगावर साप आहे. एकीच्या पायात उंच टाचेची पादत्राणं, ती प्रत्येक गाइड आवर्जून दाखवतो. मला मात्र मूर्तींच्या अंगावरचे दागिने आणि त्यांची दगडावर पडलेली सावली बघायला आवडते. माळ आणि अंग यांमध्ये काही ठिकाणी खरीच फट आहे. दगड तिथे आरपार कोरलेला आहे. देवळाचं अंग तांबूस वालुकाश्माचं आणि मूर्ती, खांब, दाराच्या चौकटी काळ्या डोलेराइटच्या. काळा दगड इतका कठीण की त्यावरची झिलई अजून गेलेली नाही, खांबात आपला चेहरा अंधूक दिसतो.

तिसरं काम, आतलं छत आणि गाभाऱ्याची चौकट. चौकटीजवळ बासरी वाजवणारा कृष्ण आहे. त्यावर बोट वाजवलं की सूर निघतात म्हणतात. पुजारी किंवा गाइड वाजवून दाखवेल ते ऐका, स्वतः टकटक करू नका. खांबांवरच्या नर्तक-नर्तकींच्या पट्ट्याही सावकाश बघा. गणपतिदेवाच्या गजदळाचा प्रमुख जायप याने तेराव्या शतकात नृत्यावर संस्कृत ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ आणि या पट्ट्या समोर ठेवून नटराज रामकृष्ण यांनी विसाव्या शतकात पेरिणी हे पुरुषांचं नृत्य पुन्हा उभं केलं.

पायाखाली बघायला विसरू नका. मंडपाची फरशी लाटेसारखी वर-खाली झाली आहे. पाया वाळूने भरलेल्या खड्ड्यावर घातलेला, त्यामुळे जमीन हलली तरी देऊळ तग धरून राहिलं. शिखर विटांचं, आणि त्या विटा पाण्यावर तरंगतात. ही दंतकथा नव्हे. विटा सच्छिद्र आणि पाण्यापेक्षा हलक्या आहेत, त्यामुळे शिखराचा भार कमी झाला. कुणी वीट पाण्यात टाकून दाखवायला सांगितली तर हसून सोडून द्या. त्या विटा शिखरातच बऱ्या.

मग तलावावर जा. देऊळ आणि तलाव हे एकाच माणसाचं काम आहे. तलावाचं पाणी अजून शेतीला जातं. वेळ उरला तर जवळच घनपूरची देवळं आहेत, कोट गुळ्ळु म्हणतात, एका तटाच्या आत वीसेक लहान-मोठी देवळं, बरीच पडकी. तिथे सहसा कुणी नसतं.

७. मेडारम: देऊळ नसलेलं देवस्थान

रामप्पा पाहिल्यावर लगेच मेडारमला जा, क्रम उलटा करू नका. आतापर्यंत तुम्ही काकतीयांचं कौतुक ऐकलं. इथे काकतीय खलनायक आहेत.

इथल्या कोया आदिवासींची कथा अशी. जंगलात वाघांच्या घोळक्यात खेळणारी एक मुलगी सापडली. तिला घरी आणलं, ती सम्मक्का. तिचं लग्न मेडारमच्या पगिडिद्द राजूशी झालं, तो काकतीयांचा मांडलिक. दुष्काळ पडला, कर भरता येईना. प्रतापरुद्राची फौज आली. नवरा पडला, मुलगी सारक्का पडली, मुलगा जंपन्ना जखमी होऊन ओढ्यात कोसळला आणि पाणी लाल झालं. त्या ओढ्याला आजही जंपन्ना वागु म्हणतात. सम्मक्का जखमी अवस्थेत चिलकलगुट्टेकडे चालत गेली आणि दिसेनाशी झाली. शोधायला गेलेल्यांना झाडाखाली कुंकवाची डबी मिळाली.

म्हणून इथे मूर्ती नाही. गद्दे आहेत, म्हणजे ओटे, आणि दर दोन वर्षांनी माघात जत्रेच्या वेळी कोया पुजारी बांबू आणि ती कुंकवाची डबी वाजतगाजत आणतात. बुधवारी सारक्का येते, गुरुवारी सम्मक्का, शनिवारी दोघी जंगलात परत. मागची जत्रा जानेवारी २०२६ अखेर झाली. लाखो लोक जमतात, ओढ्यात स्नान करतात आणि आपल्या वजनाइतका गूळ देवीला वाहतात. त्या गुळाला बंगारम म्हणजे सोनं म्हणतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने जत्रेत जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एरवीच्या दिवशी जा. बुधवारी-रविवारी भाविक असतातच. कोंबडं-बकरं कापलं जातं, दारूही असते. नाक मुरडायचं असेल तर न गेलेलं बरं.

८. मल्लण्णा, म्हणजे जवळपास आपला खंडोबा

वरंगळजवळ ऐनवोलुला मल्लण्णाचं काकतीयकालीन देऊळ आहे, किल्ल्यातल्यासारखी तोरणंही आहेत. सिद्दिपेट जिल्ह्यातलं कोमुरवेल्ली हे त्याचं मोठं ठाणं. देवाच्या दोन बायका, एक बलिज म्हणजे व्यापारी समाजातली मेडलम्मा, दुसरी गोल्ला म्हणजे मेंढपाळ समाजातली केतम्मा. म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची, हे ज्याला पाठ आहे त्याला पुढचं सांगायला नको. हळदीला इथे बंडारी म्हणतात आणि ती उधळतातही. वाघ्या-मुरळीच्या जागी ओग्गु कथेकरी, हातात छोटा डमरू. ते जमिनीवर रंगीत पुडींनी पट्णम नावाची मोठी रांगोळी काढतात आणि देवाचं लग्न लावतात. गुंथर सोंथायमर यांनी खंडोबा, मैलार आणि मल्लण्णा यांचा एकत्र अभ्यास केला तो उगाच नाही. संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत इथे जत्रेचा हंगाम. रविवारी या आणि ओग्गुवाल्यांपाशी बसा. भाषा कळली नाही तरी कथा कळते.

९. शेवटी कालेश्वरम

वरंगळहून साधारण ११५ किलोमीटर, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावर. गाभाऱ्यात एकाच पीठावर दोन लिंगं आहेत, एक यमाचं कालेश्वर आणि दुसरं मुक्तेश्वर. मुक्तेश्वर येईल त्याला मोक्ष द्यायला लागला आणि यमाकडे कुणी येईना. यम तक्रार घेऊन शिवाकडे गेला. शिव म्हणाला, माझ्याशेजारी बस, आधी तुझी पूजा, मग माझी. तोच क्रम आजही पाळतात, तुम्हीही पाळा. मुक्तेश्वराच्या लिंगाला छिद्र आहे, त्यात ओतलेलं पाणी जमिनीखालून थेट संगमाला मिळतं असं सांगतात.

पलीकडचा काठ गडचिरोलीचा. पूल ओलांडला की सिरोंचा, त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या मंडळींनी हा प्रवास उलटा, कालेश्वरमपासून सुरू केला तरी चालेल. सिरोंचा–आलापल्ली रस्त्याची अवस्था पावसाळ्यात विचारूनच निघा, आणि नदीला पूर असेल तर घाटावर उतरू नका. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो तेव्हाच इकडे गोदावरीचं पुष्कर म्हणजे बारा दिवसांचं स्नानपर्व असतं, मागचं २०१५ मध्ये झालं आणि पुढचं २०२७ मध्ये आहे. त्या बारा दिवसांत संगमावर स्नान करायचं असेल तर खोली फार आधी धरून ठेवा. नुसती देवळं बघायची असतील तर ते दिवस टाळा.